पुराणकथांचा तास घरातूनच भरू द्या

नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ नावाचा २ क्रेडिटचा विषय सगळ्याच शाखांच्या मुलांच्या वाट्याला आला आहे. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या शिक्षण-संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतात. या दोन गोष्टी जुळून आल्या की पुराणकथा, लोककथा आणि कथालेखन हे विषय मोबाइलच्या पडद्यावरून शिकवले जाणार, हे ओघानेच आले. ते कसे शिकवावेत याबद्दल खान्देशातून काही ठाम बोलायला हवे, कारण ज्या कथांबद्दल हे अभ्यासक्रम बोलतात त्यांतल्या कितीतरी अजून आपल्याकडे घराघरांत सांगितल्या जातात.

ऑनलाइन वर्ग म्हणजे नाइलाजाचा वर्ग, ही समजूत २०२०च्या टाळेबंदीपासून आपल्या मनात घट्ट बसली आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगांना ती लागूही पडते. लोककथेच्या बाबतीत मात्र मला ती साफ चुकीची वाटते. जळगावच्या किंवा धुळ्याच्या महाविद्यालयात बाकावर बसलेला मुलगा गोष्टीपासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर आलेला असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या घरात मोबाइल घेऊन बसलेल्या मुलाच्या पाठीमागे, त्याच खोलीत, गोष्ट जाणणारी माणसे वावरत असतात. या विषयापुरता तरी ऑनलाइन वर्ग हा प्रत्यक्ष वर्गापेक्षा सरस ठरू शकतो. त्यासाठी शिक्षकाने आपले बोलणे थोडे आवरून माइक घराकडे वळवला पाहिजे.

आज बहुतेक ठिकाणी घडते ते उलटेच. अर्ध्या तासाचे आधीच चित्रित केलेले व्याख्यान, सोबत एक पीडीएफ, आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्न. अश्वत्थाम्याच्या वडिलांचे नाव काय? द्रोण. बोट लावले, गुण मिळाला, पुढचा प्रश्न.

अश्वत्थाम्यापाशी मला थोडे थांबायचे आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वातला अश्वत्थामा झोपलेल्या माणसांची कत्तल करतो. रात्री पांडवांच्या छावणीत शिरून तो धृष्टद्युम्नाला मारतो, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो आणि नंतर उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो. कृष्ण त्याला शाप देतो की तीन हजार वर्षे तू एकटा रानावनात भटकशील, तुझ्या अंगाला रक्ताची आणि पुवाची दुर्गंधी येईल, तुझ्याशी कुणी चकार शब्द बोलणार नाही. ग्रंथ त्याला तिथे सोडून देतो. सातपुडा त्याला तिथून पुढे सांभाळतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात अस्तंभा नावाचे चार हजार फुटांहून उंच शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, भिल्ल, पावरा आणि इतर समाजांतले हजारो लोक अवघड वाटेने ते चढतात. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसे येतात. तिथे तो अस्तंभा ऋषी आहे. भाळावरच्या जखमेला लावायला तो तेल मागत फिरतो, हे खान्देशात पोरासोरांना ठाऊक असते. तिकडे बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरच्या महादेवाच्या देवळात तो पहाटे येऊन फूल वाहून जातो, असे तिथले लोक सांगतात.

ज्याच्याशी कुणी बोलू नये असा शाप, त्याच्याच भेटीला हजारो माणसे दरवर्षी रात्र जागवत डोंगर चढतात. शापाची यात्रा कशी झाली, कुणी केली, त्या लोकांनी मूळ कथेत नेमके काय बदलले आणि काय तसेच ठेवले, हे विचारायला लागलो की पुराणकथेचा खरा अभ्यास सुरू होतो. अशा प्रश्नाला अ, ब, क, ड असे चार पर्याय देता येत नाहीत.

एका ऑनलाइन तासाला मी हाच भाग घेत होतो. शहाद्याकडच्या एका मुलीचा माइक चालू राहिला होता. भांडी घासण्याचा आवाज येत होता, कोंबड्यांचा येत होता, आणि त्यातून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, “तो राक्षस नही शे मास्तर. जखम शे त्याले, तेल मांगस बिचारा.” मुलगी गडबडली, आजीला गप्प करायला उठली. मी तिला म्हटले, फोन आजींच्या हातात द्या. आजी मग आरामात बसून बोलल्या. त्यांच्या घरातले पुरुष यात्रेला निघत तेव्हा तेलाची बाटली आठवणीने बरोबर दिली जायची. धुक्यात वाट चुकलेल्या माणसाला पुढे कुणी उंच माणूस दिसतो, मुकाट्याने वाट दाखवतो आणि मागे वळून पाहावे तर नसतो. मी त्यांना द्रौपदीच्या मुलांबद्दल विचारले. त्यांनी तो विषय टाळला नाही. “पाप करं त्यानी. मंग कितला दिन भोगी तो?”

शिक्षेला मुदत असावी की नसावी, यावर जगभरातल्या कायदेपंडितांनी आणि धर्मपंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईंनी हा प्रश्न एका वाक्यात वर्गापुढे ठेवला. त्या दिवशी माझ्या वर्गातली मुले जितकी बोलली तितकी व्याख्यानानंतर कधी बोलत नाहीत. कुणी म्हणाले, आजी चूक आहेत, पाच मुलांच्या खुन्याला दया कशाची? कुणी विचारले, मग महाभारतकाराने त्याला मारून का टाकले नाही? त्या मुलीचा तास महाविद्यालयाच्या इमारतीत असता तर आजी दारातही आल्या नसत्या.

असे एका घराचे नव्हे, प्रत्येक घराचे होऊ शकते. कानबाई घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. भाऊबंद एकत्र येतात, रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या माणसांच्या हिशेबाने मुठीमुठीने गहू मोजला जातो, रात्र जागवली जाते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. पोटासाठी सुरतला गेलेली खान्देशी कुटुंबे या सणाला गावी परततात, नाहीतर तिकडेच कानबाई बसवतात. इतके मोठे दैवत, आणि तिची एकच एक पोथी अशी नाही. ती कोण, याचे उत्तर घरागणिक बदलते. कुणी तिला पार्वतीचे रूप मानते, कुणी कृष्णाशी तिचे नाते जोडते, कुणी नुसते ‘आमच्या कुळाची माय’ म्हणून थांबते. रोटाचे नियमही कुळाकुळांत वेगळे. चाळीस मुले आपापल्या घरून वर्गाला बसली असतील आणि प्रत्येकाने तेवढ्याच वेळात घरातल्या सर्वांत जाणत्या बाईला ‘कानबाई कोण?’ एवढे विचारले, तर तासाच्या शेवटी चाळीस उत्तरे समोर येतात. ती शेजारी शेजारी ठेवून पाहणे, कोणते उत्तर कोणत्या तालुक्यात, कोणत्या समाजात मिळते ते ताडून पाहणे, हे काम बंद खोलीतल्या वर्गाला तासाभरात जमण्यासारखे नाही.

आपल्या भागाला या कामाची परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरून जुने कागद गोळा केले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. आणि बहिणाबाई तर आपल्याच. आसोद्याला जन्मलेल्या या बाईंना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या रचत गेल्या आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, व नात्यातल्या एका मुलाने ते कागदावर उतरवून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या. त्यानंतर ती वही अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रापुढे आली. घरात वही धरून बसणारा कुणी नसता तर मराठी कवितेला बहिणाबाई मिळाल्याच नसत्या. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायांच्या वाट्याला असा लिहून घेणारा आला नाही. त्या काय म्हणत होत्या ते आता कळण्याचा मार्गच उरलेला नाही.

१९९० साली जळगावला स्थापन झालेल्या आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. ते नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रात तरी घरातल्या बाईने सांगितलेली गोष्ट हा अभ्यासाचा पहिल्या दर्जाचा आधार मानला जावा. छापील पुस्तकाच्या पानाला जो मान, तोच तिच्या ध्वनिमुद्रणाला. आणि आज वही धरणाऱ्याची जागा घ्यायला प्रत्येक घरात एक विद्यार्थी आहे, त्याच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. एवढी अनुकूलता राजवाड्यांना नव्हती, साने गुरुजींना नव्हती.

बोलीचा प्रश्न इथेच येतो. २०११च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, म्हणजे अहिराणीसकट, साडेअठरा लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्याखेरीज लेवा गणबोली, पावरी, भिलीची कितीतरी रूपे. माझा अनुभव असा की मुलांना घरची गोष्ट आणायला सांगितली की ती आधी तिचे शुद्ध मराठी करतात. ‘आजीने सांगितले की पूर्वी एक राजा राज्य करीत होता.’ ही आजी बोलत नाही, हे पाचवीचे पुस्तक बोलते. म्हणून माझा आग्रह आहे की ऐकलेली गोष्ट उतरवून काढलेला पहिला लेख सांगणाऱ्याच्या बोलीत, जसाच्या तसा असला पाहिजे. ती अडखळली तर अडखळण्यासकट, मध्ये नातवाला हाक मारली तर हाकेसकट. प्रमाण मराठीत पुनर्कथन त्यानंतर. अहिराणीत लिहिले म्हणून गुण कापणारा परीक्षक या अभ्यासक्रमाला नको. पावरीतला लेख तपासायला शिक्षक मिळत नसेल तर पावरी बोलणाऱ्या पदवीधरांना मानधन देऊन बोलवावे. नंदुरबार जिल्ह्यात असे पदवीधर आहेत आणि त्यांना कामाची गरज आहे.

आता कथालेखन. अनेक जण म्हणतात, लोककथा जपायची असेल तर तिला हात लावू नका, मुलांच्या कल्पनाशक्तीला तिथे वाव देऊ नका. मला हे पटत नाही. हात लावला नसता तर सौप्तिकपर्वातून अस्तंभा निघालाच नसता. मात्र ऐकलेली गोष्ट आणि रचलेली गोष्ट या दोन्हींची वही वेगळी असली पाहिजे आणि कोणत्या वहीत काय आहे हे लपवता कामा नये. ऐकलेल्या गोष्टीवर सांगणाऱ्याचे नाते, गाव, तारीख. रचलेल्या गोष्टीवर रचणाऱ्याचे नाव.

माझ्या एका विद्यार्थिनीने अश्वत्थामा तेल मागायला येतो त्या बाईच्या बाजूने कथा लिहिली. मध्यरात्री दारावर थाप पडते, बाई दार उघडते, समोर तो. भाषा चांगली होती, वातावरणही जमले होते. तिने ती घरात वाचून दाखवली तेव्हा मामी म्हणाली, अर्ध्या रात्री एकटी बाई कशाला दार उघडेल? मुलगी दोन दिवस अडून बसली आणि मग तिने पूर्ण कथा नव्याने लिहिली. नव्या कथेत बाई दार उघडत नाही. ती आतूनच विचारते, बाहेरून उत्तर येते, आणि दाराच्या फटीतून दोघांचे बोलणे होते. तेल ती सकाळी उंबऱ्याबाहेर ठेवते. पहिल्या कथेतली बाई शहरी मालिकांमधून आली होती, दुसरीतली तिच्या गावातली होती. कथालेखनाच्या पुस्तकांत पात्राच्या विश्वसनीयतेवर पानेच्या पाने असतात. मामीने ते एका प्रश्नात शिकवले, आणि मामी तिथे होती कारण वर्ग घरात भरत होता.

या मार्गात धोके आहेत आणि ते मोठे आहेत.

सगळ्यांत मोठा धोका गोष्टीच्या विषाचा. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकिणीच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि त्याच गोष्टींच्या जोरावर विधवांना, एकट्या बायांना, जमिनीचा वाटा मागणाऱ्या बायांना डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, जीवही गेले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा ठपका ठेवणे हा गुन्हा ठरवला तो उगीच नाही. ‘आपल्या लोककथा किती सुंदर’ अशा नुसत्या कौतुकाने भरलेला अभ्यासक्रम या बायांवर अन्याय करील. डाकिणीची गोष्ट वर्गात यावी, तिचा लेख व्हावा, आणि लगेच विचारावे की ही गोष्ट कुणी सांगितली, कुणाबद्दल, आणि ती सांगितल्याने कुणाचा फायदा झाला. भारतीय ज्ञान प्रणाली या नावाखाली शिकवायचे असेल तर हेही त्या ज्ञानाचा भाग आहे. समाज आपल्याच बायांशी कसा वागतो, हे गोष्टी जितके सांगतात तितके दुसरे काही सांगत नाही.

दुसरा धोका दंतकथेला पुरावा समजण्याचा. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, शेजारी पद्मालयाच्या परिसरात भीमाने बकासुर मारला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातही एकचक्रा आहे आणि तिथले लोकही पांडव आमच्याकडेच राहिले असे सांगतात. दोन्हीकडची माणसे खोटे बोलत नाहीत. महाभारत आपल्या मातीत घडले असे वाटणे ही त्या ग्रंथावरच्या प्रेमाची खूण आहे. पण त्या प्रेमाचा सात-बारा करायला निघालो की भांडणे लागतात, आणि एरंडोलच्या पांडववाड्याचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आपण पाहिला आहे. लोकांनी काय सांगितले आणि इतिहासाला काय सिद्ध करता आले, यांतला फरक विद्यार्थ्याला एकोणिसाव्या वर्षी शिकवला नाही तर तो पुढे कुणीतरी त्याला आपल्या सोयीने शिकवील.

तिसरी गोष्ट परवानगीची. काही कथा कुणीही, कधीही सांगायच्या नसतात. साक्रीकडच्या कोकणा आणि भिल्ल वस्त्यांत मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो, त्याची गाणी-कथा त्या विधीत, त्या माणसांच्या तोंडीच शोभतात. गुण मिळवण्यासाठी कुणी विद्यार्थ्याने ते गुपचूप चित्रित करून यूट्यूबवर टाकले तर तो त्या समाजाचा विश्वास मोडतो. ध्वनिमुद्रणाआधी विचारणे, नंतर ते सांगणाऱ्याला ऐकवणे, ‘हे बाहेर देऊ नका’ म्हटले तर देऊ नये, हे नियम अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवेत.

नेटवर्कचा आक्षेप मात्र मी आक्षेप मानत नाही, ते सरकारचे आणि विद्यापीठाचे काम मानतो. धडगाव-मोलगीच्या पाड्यांत थेट वर्ग चालत नाही, हे खरे आहे. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि त्यांच्याबरोबर महाविद्यालयात नाव घातलेली मुलेही जातात. या मुलांना थेट वर्गाची हजेरी लावायला लावणे म्हणजे त्यांना नापास करणेच. पण लोककथेच्या अभ्यासाला थेट वर्ग रोज लागत नाही. ध्वनिमुद्रण फोनमध्ये साठवा, आठवड्यातून एकदा नेटवर्क मिळेल तिथून पाठवा. उसाच्या फडावर, संध्याकाळी खोपीपाशी, चार गावांची माणसे एकत्र बसतात. तिथे ऐकायला मिळते ते महाविद्यालयात मिळत नाही. तो मुलगा या अभ्यासक्रमात मागे पडण्याचे कारण नाही, तो इतरांच्या पुढे असू शकतो.

मूल्यमापन बदलल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरले जातात, म्हणजे २ क्रेडिटला ६० तास. हा विषय प्रात्यक्षिक म्हणूनच मंजूर व्हावा. निम्मे गुण ध्वनिमुद्रण आणि बोलीतल्या लेखाला, उरलेले पुनर्कथनाला आणि त्यावरच्या चर्चेला. बहुपर्यायी परीक्षा नको. नक्कल होईल, एआयकडून गोष्ट लिहून आणतील, ही भीती मला सहकाऱ्यांकडून रोज ऐकायला मिळते. एआयला ‘खान्देशातली लोककथा लिही’ म्हटले तर ते कुठल्याही गावाला लागू पडेल अशी एक गुळगुळीत गोष्ट देते. त्याला आपल्या मावशीचा आवाज आणता येत नाही, तिच्या पाठीमागे रवंथ करणारी म्हैस आणता येत नाही. मूळ ध्वनिमुद्रण सक्तीचे केले की नक्कल करण्यापेक्षा मावशीला विचारणे सोपे पडते.

आणि हा अभ्यासक्रम पहिल्या सत्रात ठेवावा. जून-जुलै ते नोव्हेंबरच्या त्या सत्रात श्रावणातली कानबाई येते, पोळा येतो, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून गुलाबाई बसते आणि मुली महिनाभर तिची गाणी म्हणतात, नवरात्र येते, दिवाळीत अस्तंभ्याची यात्रा येते. दुसऱ्या सत्रात अक्कलकुव्याकडच्या काठी गावची होळी आहे, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या असतात. अभ्यासमंडळाने पहिल्या सत्राचे वेळापत्रक ठरवताना पंचांग समोर ठेवावे, कानबाईच्या आणि यात्रेच्या आठवड्यात तास ठेवू नयेत, आणि त्या दिवसांचे काम म्हणून मुलांना घरी, गावी, डोंगरावर पाठवावे. जमलेली ध्वनिमुद्रणे ठेवायला विद्यापीठाने ग्रंथालयात जागा आणि सर्व्हर द्यावा. त्याचा खर्च एका वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाइतकाही येणार नाही. जून फार लांब नाही. मागणी करायची तर ती अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीतच करायला हवी.